आमचा मठ आणि काकूंचा देव

काका कुणाच्याही घरी आले की चपला काढायचे आणि थेट गॅसपाशी जायचे. आपण 'या, बसा' म्हणत राहायचं. ते सगळी बटणं तपासणार, मागची नळी हाताने चाचपणार, देव्हाऱ्यात निरांजन तेवताना दिसलं तर त्याच्याकडे संशयाने बघणार आणि मग वळून हसत विचारणार, "हं, काय म्हणताय?" पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा मला वाटलं, हे गॅस कंपनीकडून आलेत. नवरा ऑफिसात, मला जपानीचा गंध नाही, आणि दारातून आत शिरलेला हा पांढऱ्या मिशीचा माणूस चक्क मराठीत सांगतोय, "ताई, तो टॉवेल शेगडीपासून लांब टांगा." मी टांगला. करते काय!

निशी-कसाईत आम्ही आयटीवाले तेव्हा नुकते कुठे यायला लागलो होतो. एकेका इमारतीत दोन-तीन भारतीय घरं, उपनगरी रेल्वेच्या स्टेशनाबाहेर एखादं किराणा दुकान, आणि तुरीची डाळ आली की बायकांचे एकमेकींना फोन. काका-काकू आमच्या कितीतरी आधीपासून तिथे राहत होते. काका मुंबईच्या एका बँकेतर्फे ठरावीक मुदतीसाठी आलेले. मुदत संपली, बरोबरचे सगळे परत गेले, पुढे बढत्या मिळून मोठ्या खुर्च्यांत बसले. काकांनी मात्र राजीनामा दिला आणि टोकियोतच एका व्यापारी कंपनीत मिळेल त्या टेबलावर जाऊन बसले. का? तर मठ सोडवेना म्हणून!

हा मठ त्सुकुबाच्या पलीकडे डोंगरात होता. सहा-सातशे वर्षांपूर्वीचा, झेन पंथाचा. जपानात जुनं म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा जळून पुन्हा बांधलेलं असतं. सगळं लाकडाचं काम, एक ठिणगी पडली की संपलं. हा मठ मात्र कधी जळलाच नव्हता. तेच खांब, तीच जमीन, तेच गवताचं जाडजूड छप्पर, वेळोवेळी नवं गवत घालून राखलेलं. भिक्षूंची बसायची जागा, न्हाणीघर, स्वयंपाकघर, एवढंच काय, शौचकूपसुद्धा जुन्या काळचं जसंच्या तसं. काकांचा त्या शौचकूपावर फार जीव. नवविवाहित जोडप्यांना ते आधी तिथे न्यायचे. "इथे बोलायला बंदी होती. इथे शिरतानाही मंत्र म्हणायचे. आणि तुम्ही लोक तिथे बसून फोनवर बोलता!" असं म्हणून नवऱ्यामुलाकडे असं बघायचे की तो बिचारा खिशातला फोन आणखी आत ढकलायचा.

मठ जळला नाही याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की जगातली प्रत्येक शेगडी त्यांना त्या मठावर उठलेली वाटायची. आमच्या बिल्डिंगमध्ये एकीने सत्यनारायण घातला आणि धूप जरा जास्त झाला. छतावरचा भोंगा किंचाळायला लागला, खालून म्हातारा व्यवस्थापक पळत आला, गुरुजी पोथी घेऊन बाल्कनीत. काका त्या पूजेला आले होते. त्यांनी शांतपणे तीर्थाचं भांडं उचलून धूपावर ओतलं आणि म्हणाले, "इतिहास म्हणजे दुसरं काय असतं हो? जे जळायचं राहिलं ते." ती बाई त्यानंतर कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हती.

दर रविवारी नव्याने आलेल्यांची वरात घेऊन ते मठात जायचे. आधी बसने जायला लागायचं, मग त्सुकुबाची जलद गाडी सुरू झाली आणि काकांना पंखच फुटले. बरोबर काकू असायच्याच. मठात पोचलं की पहिलं काम म्हणजे पायमोजे काढायचे. थंडी असो, काही असो. मग प्रत्येकाच्या हातात एक ओला फडका. त्या लांबलचक लाकडी ओसरीच्या एका टोकाला ओणवं व्हायचं, फडक्यावर दोन्ही हात टेकायचे आणि पळत पळत दुसऱ्या टोकापर्यंत पुसत जायचं. तिथले भिक्षू रोज तसंच पुसतात. काकांचा नियम होता, आधी फडका आणि मग इतिहास. मोठमोठ्या पगाराची पोरं धापा टाकत, ढुंगण वर करून पळताहेत आणि काका काठाला उभे राहून ओरडताहेत, "कोपरा राहिला, कोपरा!" हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. माझ्या नवऱ्याला त्यांनी एकदा विचारलं, "तुमचं ते सॉफ्टवेअर किती टिकतं हो?" नवरा प्रामाणिक. म्हणाला, "तीन-चार वर्षं. मग नवं लिहितात." काकांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मग तुम्हाला झोप कशी लागते?"

मठाचे जुने महंत त्यांना घरच्यासारखे. "आमचे सहावे महाराज गोडघाशे होते," म्हणायचे. "आमचे अकरावे महाराज म्हणजे निव्वळ खत्रूड माणूस, पण छप्पर काय राखलंय!" सगळं कौतुक सांगून झालं की एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "आता हेही सांगायला पाहिजे." हे वाक्य आलं की समजावं, काहीतरी कुणाची लाज काढणारं येतंय. कुठल्या महंताने घंटा विकून खाल्ली, कुणाचं गावातल्या बाईकडे जाणं-येणं होतं, सगळं यायचं. त्यातली एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही. लढायांच्या काळात दुष्काळ पडला, गावातली माणसं धान्य मागायला मठाच्या दाराशी आली, आणि तेव्हाच्या महंताने दार आतून बंद करून घेतलं. कोठारात भात होता. मठ जगला आणि बाहेरची माणसं मेली. "मठ टिकला कसा हे सांगताना बाहेर कोण राहिलं हेही सांगायला पाहिजे," म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. जसे काही ते स्वतः त्या दारात उभे होते.

मठाच्या छापील माहितीपत्रकात अर्थातच ही गोष्ट नव्हती. नवे तरुण धाकटे महंत आले, त्यांना कुणीतरी सांगितलं की हे भारतीय गृहस्थ पाहुण्यांना भलतंच सांगतात. त्यांनी काकांना चहाला बोलावलं आणि अतिशय गोड जपानीत विनंती केली की ती गोष्ट तेवढी वगळावी. काका तितक्याच गोडपणे म्हणाले, "मग मलाही वगळा." आणि उठले. पुढचे कित्येक रविवार ते मठाच्या आत गेले नाहीत. आम्हाला घेऊन दारापर्यंत यायचे, बाहेरच्या दगडावर बसून सगळा इतिहास तिथूनच सांगायचे. पावसात छत्री धरून सांगायचे. शेवटी थोरल्या महंतांनी कंटाळून त्यांना आत बोलावलं आणि काय ते सांगा म्हणाले. माणूस असा हट्टी. खोटं बोलणं सोडाच, अर्धं खरंही त्यांना चालायचं नाही.

आणि ह्याच माणसाने आपल्या बायकोपासून एक गोष्ट जन्मभर लपवली. ती काय ते सांगण्याआधी काकूंबद्दल सांगते.

काकू वाईच्या. कडक सोवळ्यातल्या घरातून आलेल्या. मूलबाळ नाही. जपानात आल्यावर त्यांचे सुरुवातीचे दिवस किती वाईट गेले असतील ते माझं मला कळतं. इथे भाजीत माशाचं पाणी, सूपात माशाचं पाणी, साध्या शेवयांतही तेच. दुकानात वेष्टन उलटंपालटं करून बघायचं आणि परत ठेवायचं. काकू कुणाकडे जेवायच्या नाहीत, हॉटेलात पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. काकांनी एकदा त्यांना मठात नेलं. मठाचा स्वयंपाक म्हणजे मासा नाही, मांस नाही, कांदा नाही, लसूण नाही. काकू स्वयंपाकघरात शिरल्या, चुलीवरच्या भाताचा वास घेतला आणि तिथे रांधणाऱ्या म्हाताऱ्या भिक्षूला म्हणाल्या, "अहो, हा तर आमचा चातुर्मास!" त्याला काही कळलं नाही, पण त्याने त्यांच्या हातात विळीसारखी एक सुरी दिली आणि मुळ्यांचा ढीग पुढे सरकवला. तेव्हापासून काकांचा रविवार इतिहासाचा आणि काकूंचा रविवार स्वयंपाकघराचा. ती दोघं तासन्‌तास बोलत बसायची. काकू मराठीत, तो जपानीत. एकदा मी ऐकलं तर काकू त्याला जावेच्या कागाळ्या सांगत होत्या आणि तो मान डोलवत तीळ कुटत होता. साऱ्या जपानात काकूंचा चेहरा फुललेला मी पाहिला तो तेवढ्या एका खोलीत.

त्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या बाजूला एका कोनाड्यात एक देव होता. चिलखत घातलेला, कोवळ्या चेहऱ्याचा, हात जोडलेले आणि त्या हातांवर आडवी तलवार. झेन मठांच्या स्वयंपाकघरात हा असतोच. फार वेगाने पळतो म्हणे, पळत जाऊन बुद्धासाठी अन्न गोळा करून आणतो. जपानी लोक त्याला इदातेन म्हणतात. काकूंनी त्याला 'धावता देव' करून टाकलं होतं. काही शिजलं की पहिला वाटीभर भात त्याच्यापुढे, मग दुसऱ्यांना. एक दिवा लावायच्या, तोही म्हाताऱ्या भिक्षूच्या नजरेसमोर, काकांच्या धाकाने. "माझा एवढा एकच देव इथे," मला म्हणायच्या. "बाकीचे सगळे डोळे मिटून बसलेत. हा तेवढा कामाचा दिसतो."

पहिल्याच खेपेला मी काकांना विचारलं, "हा कोण हो? बुद्धाच्या घरात हा शिपाई कसा?" काकांनी माझा दंड धरला आणि मला न्हाणीघराच्या मागे नेलं. मी घाबरले. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "तो स्कंद आहे. आपल्याकडून चीनमध्ये गेला, तिथून इथे आला. मोर वाटेत कुठेतरी राहिला."

"स्कंद म्हणजे?"

"कार्तिकस्वामी."

 मी काही फार देवधर्म करणारी नाही. पण पर्वतीवर कार्तिकस्वामीच्या देवळावरून जाताना आई माझे डोळे हाताने झाकायची ते मला आठवलं. बाईने कार्तिकस्वामीचं दर्शन घेतलं तर सात जन्म वैधव्य येतं, असं आपल्याकडे मानतात. एका त्या कार्तिकी पौर्णिमेची सूट, एरवी बायकांनी तिकडे बघायचंसुद्धा नाही. आणि काकू? सोमवार न सोडणाऱ्या, हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या काकू दर रविवारी त्याच्यापुढे हात जोडून उभ्या होत्या.

"काका, त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं तर ती ह्या स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि ह्या देशात तिला एवढं एकच स्वयंपाकघर आहे, बाई. तिला मी इथे आणली, माझ्या वेडापायी ठेवली. तेवढंही काढून घेऊ?" मग त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. पुढे मला कळलं की ज्याला म्हणून इतिहासातलं काही कळण्याची शक्यता होती त्या प्रत्येकाकडून ते दारातच वचन घ्यायचे. सगळा मठ हिंडवताना ते स्वयंपाकघरापाशी आले की बोट वर व्हायचं नाही. "हे स्वयंपाकघर. इथे काकू असतात," एवढंच म्हणून पुढे जायचे.

मला तेव्हा ते फार गोड वाटलं. खरंच सांगते, नवऱ्याला मी घरी येऊन म्हटलं, "बघ, प्रेम असं असतं."

मग काका आजारी पडले. इथे दरवर्षी कंपनीतर्फे सगळी तपासणी होते, पोटाचे फोटो काढतात, त्याआधी खडूसारखं पांढरं औषध प्यायला देतात. काका दरवर्षी काहीतरी निमित्त काढून त्या दिवशी मठात जायचे. मठाच्या छपराची इतकी काळजी करणारा माणूस, स्वतःच्या पोटाची तेवढी केली असती तर! जेवण जाईनासं झालं तेव्हा काकूंनी रडून-ओरडून दवाखान्यात नेलं. पोटाचा कर्करोग, पसरलेला. डॉक्टरांनी जपानी पद्धतीने खूप वेळ खाली बघत सांगितलं.

काकू कधी एकट्या गाडीत बसल्या नव्हत्या. स्टेशनांची नावं त्यांना वाचता येत नव्हती. पण आता त्या दर रविवारी एकट्या मठात जायला लागल्या. रंगांवरून गाड्या ओळखून, दोनदा गाडी बदलून, पुढे बसने. इतर दिवशी काकांच्या उशाशी आणि रविवारी धावत्या देवापुढे. त्याच्यापुढे बसून नवऱ्याचं आयुष्य मागत होत्या. ज्याच्याकडे बघितलं तर नवरा जातो म्हणतात, त्याच्याकडेच!

रविवारी काकांजवळ बसायला मी जायचे. एक दिवस ते छताकडे बघत म्हणाले, "आता तांदूळ निवडत असेल." मग हसायला लागले. हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "माझा विश्वास नाही हो ह्या असल्या गोष्टींवर. तुला माहीत आहे. मी काही कार्तिकस्वामीमुळे मरत नाहीये, डॉक्टरला चुकवलं म्हणून मरतोय. पण मी गेल्यावर तिला कुणी सांगितलं तर? ती म्हणेल, मीच ह्यांना मारलं. उरलेलं आयुष्य तेच म्हणत राहील."

"मग आत्ता सांगा ना! तुम्ही असताना सांगा. रडतील, चिडतील, पण तुम्ही समजूत घालाल. नंतर कोण घालणार? मी?"

"सांगतो. आज आली की सांगतो."

संध्याकाळी काकू आल्या. गाल थंडीने लाल झालेले, हातात रुमालात बांधलेला डबा. त्यात देवापुढचा भात, मऊ केलेला. "आज तुम्ही खायचंच," म्हणाल्या. "मी त्याला बजावून आलेय." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागले तर खुणेने थांब म्हणाले. "अगं, ऐक," त्यांनी सुरुवात केली. "आता हेही सांगायला..." तोवर काकूंनी चमचा त्यांच्या तोंडाशी नेला होता. "आधी घास घ्या, मग काय ते बोला." आठवडाभर ज्यांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं त्या काकांनी तो घास घेतला. चावून चावून खाल्ला. काकूंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मलाच बघवेना. "बघितलंस? ऐकतो तो माझं!" त्या मला म्हणाल्या. काकांनी पाणी मागितलं आणि डोळे मिटून पडून राहिले. त्यानंतरच्या रविवारीही ते 'उद्या सांगतो' एवढंच म्हणाले.

ते गेले तेही रविवारीच. सकाळपासून श्वास लागला होता. मी काकूंना फोन करते म्हटलं तर हातानेच नको म्हणाले. मला वाटलं, दुपारपर्यंत त्या येतीलच. शेवटी शेवटी ते दाराकडे बघत होते. मी हात धरून बसले होते, पण त्यांना हवा होता तो हात माझा नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं. मग मी फोन लावला. मठाच्या त्या शांत स्वयंपाकघरात फोन वाजला असणार. काकूंनी तो उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "निघालेच मी. भात घेऊन येतेय."

जपानात एकोणपन्नासाव्या दिवशी मोठा विधी करतात. थोरल्या महंतांनी आपणहून काकांचा विधी मठात ठेवला. त्यांच्या सभामंडपात एका भारतीय बँकवाल्यासाठी घंटा वाजली, धाकटे महंतही डोळे पुसत होते. निशी-कसाईहून आम्ही चाळीसएक माणसं गेलो. आधी सगळ्यांनी ओसरी पुसली. कुणी सांगितलं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कितीही सांगितलं तरी त्या पाहुण्यासारख्या बसायला तयार नव्हत्या.

आमच्यात एक नवी मुलगी होती, नुकतीच पुण्याहून लग्न होऊन आलेली. प्राच्यविद्या शिकलेली, हुशार, मनाने स्वच्छ. काकांना तिने पाहिलंही नव्हतं. तिच्याकडून वचन घ्यायला दारात कुणीच नव्हतं. वाढायला मदत करावी म्हणून ती स्वयंपाकघरात आली, वर बघितलं आणि आनंदाने ओरडली, "अय्या, हा तर आपला कार्तिकस्वामी! इथे स्वयंपाकघरात असतो असं वाचलं होतं मी!"

मी भोपळ्याची पातेली धरून उभी होते. ती खाली ठेवून तिच्या तोंडावर हात ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

काकूंनी हातातला डाव हळूच खाली ठेवला. वर देवाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"ह्यांना?"

मी पुन्हा मान हलवली.

"सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. ती मुलगी काय झालं ते कळून रडायला लागली होती. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "तुझं काय चुकलं गं," म्हणाल्या, आणि आल्यापावली बाहेर पडल्या. पंगत तशीच राहिली. बसथांब्यावर त्या पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले. निशी-कसाई येईपर्यंत त्या एवढंच बोलल्या. "सगळ्या जगाला सगळं सांगणारा माणूस तो. मीच तेवढी सांगण्यालायक नव्हते होय गं?"

त्यानंतर त्यांनी दार उघडणं बंद केलं. मी बेल वाजवायची, आतून पावलं ऐकू यायची, दार उघडायचं नाही. डबा दाराच्या मुठीला अडकवून यायचे तर दुसऱ्या दिवशी तो तसाच लटकलेला. काकू कायमच्या वाईला जाताहेत असं कळलं. बरोबर आहे, म्हटलं, आता इथे त्यांचं राहिलंय काय? मला काकांचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी रागावले. तुमचे ते सगळे सहावे महाराज नि अकरावे महाराज, आणि जिच्याबरोबर आयुष्य काढलंत तिच्याशी दोन शब्द बोलायला जीभ उचलली नाही.

जायच्या आधीच्या रविवारी काकूंचा फोन आला. "येतेस का मठात? एकदा जाऊन येऊ."

 मठात पोचल्यावर म्हाताऱ्या भिक्षूने लवून नमस्कार केला आणि नेहमीचा एप्रन पुढे केला, जसा काही मधला काळ गेलाच नव्हता. काकूंनी तो बांधला. तांदूळ धुतले, चुलीवर चढवले. भात होईपर्यंत चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वाटीत काढला आणि त्याच्यापुढे जाऊन ठेवला. आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलं. चांगलं रोखून, बराच वेळ.

"सात जन्म ना?" त्या त्याला म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, म्हाताऱ्याला जावेच्या कागाळ्या सांगताना असायचा तसा. "म्हणजे सातही वेळा आधी लग्न लावून द्यावं लागेल तुला माझं. ह्यांच्याशीच लाव. दुसरा कुणी चालायचा नाही मला."

मला हुंदका आला. काकूंनी मागे वळून बघितलं नाही. वाटी उगीच जरा डावीकडे सरकवली, पुन्हा उजवीकडे आणली. मग त्यांचा आवाज फुटला.

"आणि आता जिथे कुठे असतील तिथे पळत जाऊन त्यांना सांग. मी घाबरले नसते म्हणावं. पाप लागलं म्हणून रडले असते एखादा दिवस. पण मग इथे तुझ्यापुढे बसून काय केलं असतं मी? शेवटचे सगळे रविवार त्यांच्याजवळ बसले असते रे."